टिपी तंबू घेऊ का? गुहागर ते गणपतीपुळे पायी जायचंय, सल्ला हवाय

सुरंगी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते इथे, धागा पहिलाच आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर जानेवारीत मी आणि माझी मावसबहीण गुहागरहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं म्हणतोय. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग फेरीबोटीने पलीकडे जयगड आणि पुढे मालगुंड. पाच दिवस धरलेत, घाई नाही. आजोळ गुहागरचं, त्यामुळे ओळखीपाळखीत राहायची सोय होईल बऱ्याच ठिकाणी, पण दोन-तीन रात्री तरी तंबूत काढायच्याच हा बहिणीचा हट्ट.

तंबू आहे घरी. घुमटाकार, तीन माणसांचा, पिशवीसकट काट्यावर ठेवला तर ३ किलो ४०० ग्रॅम. पंचेचाळिशीत आणि एक गुडघा कुरकुरत असताना हे ओझं मी उचलणार नाही. मागे स्पितीत एका बाईंकडे टिपी पाहिला होता, मधे एकच काठी, चहूबाजूंनी कापड खाली ताणलेलं, बघता बघता उभा केला त्यांनी. आणि ती मधली काठी म्हणजे त्यांची चालायचीच काठी! मी पण दोन काठ्या घेऊनच चालते, म्हणजे तंबूच्या दांड्यांचं वजन आपोआप गेलं, तेव्हापासून ते डोक्यात बसलंय.

आता विचारायचं ते हे की असला तंबू आपल्याकडच्या समुद्रकिनाऱ्यावर चालतो का, कारण जे काही व्हिडिओ पाहिले ते सगळे बर्फातले नाहीतर पाईनच्या जंगलातले. बजेट १५ हजारांपर्यंत. त्यातलं काहीच कळत नाही असं समजून सांगा.

वजनकाटा
ताई एकदम योग्य रस्त्यावर आहात! डोळे झाकून घ्या. दोन माणसांचा पिरॅमिड (म्हणजे चौकोनी टिपीच), २० डिनियरचं (डिनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सिलिकॉन नायलॉन, नुसतं वरचं कापड ५००-६०० ग्रॅममधे बसतं. आतला जाळीचा तंबू वेगळा मिळतो पण त्याचं वजन जवळपास तेवढंच होतं, तो घेऊच नका. खाली एक पातळ शीट टाका, झोपा. माझं अख्खं बिऱ्हाड, झोपायची पिशवी, मॅट, तंबू सगळं धरून साडेतीन किलो आहे. तुमचा नुसता तंबू तेवढा आहे, विचार करा :)

चहाबाज
फोटो शोधून बघितले. अहो हे तर इरलं आहे! आमच्या आजीने पन्नास वर्षं लावणीला हेच डोक्यावर घेतलं, तेही बिनकाठीचं, शून्य डिनियर. पेटंट घ्यायचं राहिलं आपलं.

बाकी पेग किती लागतात एका तंबूला? (कृपया गैरसमज नसावा.)

वजनकाटा
@चहाबाज, चौकोनी असेल तर कमीत कमी ४, वारा असेल तर ८. षटकोनी-अष्टकोनी असेल तर ६ नि ८ पासून सुरुवात. पेग म्हणजे खुंट्या हो.

कातळसडा
वजनकाटा भाऊ, तुमच्या ग्रॅमच्या हिशोबाला नमस्कार, पण 'आतला तंबू घेऊच नका' हे तुम्ही स्पितीसाठी सांगा, लडाखसाठी सांगा. कोकणासाठी सांगू नका. मी रत्नागिरीकडचा, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, आयुष्य गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

टिपी बहुतेक बिनातळाचे असतात, म्हणजे कापडाची कड आणि जमीन यात चार बोटं फट राहतेच आणि हवा खेळायला ती हवीच. थंड कोरड्या प्रदेशात तिथून फक्त वारा येतो. आपल्याकडे तिथून काय काय येईल? जांभ्याच्या कातळावर आणि सड्यावर फुरसं आहे, वीतभर-हातभर लांब, मातीच्या रंगाचं, दगडाखाली बसलेलं. आणि त्याहून मला भीती मण्यारची वाटते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की कित्येकदा माणसाला जागही येत नाही आणि खूणही धड दिसत नाही, पहाटे पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा कळतं. जमिनीवर झोपू नये, झोपलं तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं हे आपल्याकडे म्हातारी माणसं उगाच सांगत नाहीत. विंचवाचंही तेच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी माणसं, विशेषतः पोरं, जात होती, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हा ते मरण कमी झालं. कमी झालं म्हणजे विंचू कमी झाले असं नाही.

तेव्हा ताई, टिपी जरूर घ्या, आकार उत्तम आहे, पण आत पूर्ण बंद होणारी जाळी आणि तिला शिवलेला, कडा चार-पाच इंच वर आलेला टबासारखा तळ, हे असलंच पाहिजे. चेन रात्री पूर्ण लावायची. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, पिशवीत घालून आत घ्यायचे.

पन्हं
+१ कातळसडा. जाळी हवीच, निदान डासांसाठी तरी. सुरूच्या बनात संध्याकाळी उभं राहून बघा दहा मिनिटं.

एक बाळबोध शंका. सगळ्या तंबूंवर '३००० मिमी' वगैरे लिहिलेलं असतं. म्हणजे रत्नागिरीचा अख्खा पावसाळा सहन करेल असं समजायचं का? आमच्याकडे साधारण तेवढाच पडतो वर्षाला.

टाका_दोरा
@पन्हं हाहा, हा हिशोब आवडला पण तो पाऊस वेगळा आणि हा मिमी वेगळा. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरायचा आणि हळूहळू वाढवत न्यायचा, किती उंचीला पाणी कापडातून पाझरायला लागतं तो आकडा. ३००० मिमी म्हणजे तीन मीटर उंच पाणी वर उभं राहीपर्यंत कापड गळलं नाही. छपराला १५०० सुद्धा पुष्कळ होतात कारण पाऊस पडतो आणि उतारावरून घरंगळतो, कापडावर बसून राहत नाही. तळाला मात्र जास्त हवा, तिथे तुमचा गुडघा ओल्या जमिनीवर दाबला जातो.

मी स्वतः पिशव्या, पाल, ताडपत्र्या शिवते (धंदा नाही, खाज आहे) म्हणून कापडाबद्दल बोलते, कारण सगळे वजनावर भांडतायत आणि कोकणात खरी फसगत कापडात होते. सिलिकॉन नायलॉन हलकं आणि फाडायला चिवट, पण नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू पहाटे दवाने लोंबायला लागतो, मग ओल्या कापडाचं पोट तुमच्या तोंडाला लागतं. घुमटाच्या तंबूत दांड्या थोडं सांभाळून घेतात, टिपीत सगळा डोलारा ताणावर, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं. सिलिकॉन पॉलिएस्टर घ्या. किंचित जड, किंचित कमी चिवट, पण ओलं झालं तरी फारसं लांबत नाही आणि उन्हातही नायलॉनपेक्षा बरं टिकतं. तिसरं डायनीमाचं कापड असतं, ते ना पाणी पितं ना लांबतं, पण त्याची किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी वर जाते, तेव्हा सोडा.

दुसरं, शिवण. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडाच्या शिवणीवर नेहमीची टेप चिकटत नाही, शिवणी सिलिकॉनच्या सीलरने आपणच भराव्या लागतात, एक दुपार आणि एक दिवस वाळायला. आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असेल तर टेप कारखान्यातूनच येते, पण पीयूला दमट हवेची ॲलर्जी. ओलसर गुंडाळून माळ्यावर टाकला की दोन-चार वर्षांत आतून चिकट होतो आणि आंबूस वास सुटतो. माझ्या पहिल्या तंबूचं हेच झालं, चूक तंबूची नव्हती, तो मी ऑगस्टमधे ओला ठेवला होता.

सुरंगी
बापरे केवढं लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. मण्यारचं वाचून बहीण म्हणाली लॉजमधे राहू. समजावतेय.

पण कातळसडा दादा म्हणतात तसा आतला तंबू घेतला तर वजन परत किलोच्या वर जाणार ना? मग टिपीचा फायदा काय उरला? आणि मधोमध काठी आली तर दोघींच्या मधे खांब घेऊन झोपायचं का, माजघरासारखं?

वजनकाटा
मी हरलो, जाळी घ्या. पण सगळी नको, अर्धी घ्या. चौकोनी पिरॅमिडला अर्ध्या जागेत बसणारा जाळीचा तंबू मिळतो, काठी त्याच्या बाहेर उभी राहते. अर्ध्यात झोपायचं, उरलेल्या अर्ध्यात सॅक, चप्पल, चहाची भांडी.

चहाबाज
म्हणजे पडवी!

वजनकाटा
हो, पडवीच. आणि काठी पडवीच्या कडेला. फायदा काय उरला म्हणाल तर ३४०० वरून १३००-१४०० ला आलात, खुंट्या-दोऱ्या धरून. दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी, आणि कोकणात चालताना पाणी हेच खरं ओझं आहे, जानेवारीत पण दुपारी घामाच्या धारा लागतात.

माप मात्र नीट बघा, कंपन्या जमिनीवरची लांबी छापतात. भिंती तिरक्या असतात ना. समजा तंबू २७० सेंमी लांब आणि मधे १३० सेंमी उंच. झोपल्यावर तुमचं नाक नि पायाची बोटं जमिनीपासून साधारण ३० सेंमीवर, मॅट धरून. तेवढ्या उंचीवर दोन्हीकडून भिंत ३१-३१ सेंमी आत आलेली असते. उरले २०८. साडेपाच फुटाच्या माणसाला ठीक, सहा फुटी माणूस कपाळाने दव पुसणार. म्हणून '२१० सेंमी लांब, दोन माणसांचा' असं लिहिलेला टिपी दिसला तर पुढे चला.

अजून एक, तुमच्या काठ्यांची जास्तीत जास्त उंची मोजा. बऱ्याच १३०-१३५ ला थांबतात आणि मोठ्या टिपीला १४०-१५० लागते. घडीच्या ठरावीक लांबीच्या काठ्या असतील तर त्या कामाच्याच नाहीत.

देवगडी_आंबो
अगे बाये, ह्या सगळा ठीक आसा पण तू तंबू बांधतलंस खंय? पुळणीर ना? थंय ते अल्युमिनचे खुटे रवाचे नाय, मी सांगतंय ता आयक. वाळूत खुटो म्हणजे भातात चमचो. सुक्या लाकडाचो दांडको नायतर नारळाचा सोडाण घे, मधे दोरी बांध, हातभर खड्डो खण, आडवा पूर आणि वरना पायान दाब. वारो कितीय येवंदे, हलाचो नाय.

पन्हं
'भातात चमचो' _/\_ दंडवत घ्या काका.

कातळसडा
देवगडी काकांनी मुद्द्याला हात घातला. हा टिपीचा खरा कच्चा दुवा आहे. घुमटाचा तंबू खुंट्या न ठोकता पण उभा राहतो, टिपी खुंटी सुटली की चादर. आणि कोकणात जमीन दोनच प्रकारची, एकतर वाळू नाहीतर कातळ, एकात खुंटी राहत नाही आणि दुसऱ्यात जात नाही. वाळूत काकांची युक्ती, किंवा कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या पुरायच्या. कातळावर दोरी जांभ्याच्या चिऱ्याला गुंडाळायची, चिरे पडलेले असतातच कुठे ना कुठे. त्यासाठी कोपऱ्यांना दोन-दोन हात जादा दोरी बांधून ठेवा, ऐनवेळी गाठी मारत बसायला नको. त्यातल्या त्यात उत्तम म्हणजे सुरूच्या बनाची जमिनीकडची कड किंवा एखाद्याची मोकळी वाडी, मालकाला विचारून. माडाखाली नाही! नारळ तर नारळ, वाळलेली झावळ पडली तरी तंबू आणि तुम्ही दोन्ही फाटाल. सुरू पण वर बघून निवडा, २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक ठिकाणी अर्धी मोडलेली झाडं तशीच लटकत होती.

समुद्रपक्षी
इथे एक विनंती करते. पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर, सपाट मऊ कोरडी वाळू बघून तुम्ही तंबू लावाल ना, नेमकी तीच जागा ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला निवडते. साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्रीच्या वेळी. फक्त वेळास-आंजर्ल्यालाच येतात असं नाही, गुहागरच्या किनाऱ्यावर पण घरटी होतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम उभं केलं तेव्हा कुठे अंडी चोरीला जायची थांबली, आता तंबूवाल्यांच्या हेडलाइटने मादी परत फिरायला नको. दिवा दिसला, माणसं दिसली की ती अंडी न घालताच मागे वळते. म्हणून उघड्या पुळणीवर नकोच, बनाच्या आत जा, लाल दिवा वापरा, शेकोटी नको. आणि ग्रामपंचायतीत आधी विचारा, बरेचदा कासवमित्र तिथेच भेटतो, तो जागा पण दाखवेल.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं हे सांगायला नकोच. तिथी बघून निघा.

सुरंगी
@समुद्रपक्षी हे अजिबात डोक्यात आलं नव्हतं. पुळण रद्द. बन किंवा वाडी.

पन्हं
दार कुठल्या बाजूला ठेवायचं? समुद्राकडे ना? नाहीतर गेलोच कशाला.

कातळसडा
समुद्राकडे दार म्हणजे दुपारभर तोंडात वाळू. दिवसा खारा वारा समुद्राकडून, रात्री उशिरा तो पडतो आणि पहाटे मतलई सुटते, जमिनीकडून. दार पूर्वेला ठेवा. संध्याकाळी वाऱ्याकडे पाठ होते आणि पहाटे मतलई दारातून आत येऊन दव वाळवते. टिपीत घाम-दवाचा त्रास होतोच, आपल्याकडे हवाच ओली, म्हणून वर शेंड्याला झडप असलेलाच घ्या. खालून गार हवा, वरून गरम दमट हवा बाहेर, असा ओढा तयार होतो.

अवांतर: उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातले मूळ रहिवासी, ज्यांचा हा मूळ टिपी, तेही बहुतेक दार पूर्वेलाच ठेवत. तो नीट शंकू नसायचा, मागे जरा कललेला, उभट बाजू वाऱ्याकडे. शेंड्याला धूर जायला दोन झडपा, बाहेरून लांब काठ्यांनी वाऱ्याप्रमाणे फिरवायच्या. शब्द लकोटा भाषेतला, अर्थ साधारण 'राहतात ते'. आता कंपन्या त्याच झडपेच्या जागी चुलीच्या नळकांड्याला भोक ठेवून विकतात, तसला घेऊ नका. पहाटे १७-१८ अंशात चूल पेटवून काय करणार.

चहाबाज
चहा.

सुरंगी
(तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो! ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी अहवाल.

घेतला तो चौकोनी, २७० बाय २७०, सिलिकॉन पॉलिएस्टर, वर झडप, अर्धी जाळी. कोणता ते लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. सगळं मिळून १ किलो ३८० ग्रॅम, दोघींत वाटून घेतलं, कापड माझ्याकडे, जाळी नि खुंट्या तिच्याकडे. आधी आजीच्या खळ्यात दोनदा लावून पाहिला. पहिल्यांदा इतका वाकडा झाला की शेजारचे काका विचारून गेले, भात वाळत घातलंय का. युक्ती कळली ती अशी की आधी चारही कोपरे चौकोनात ठोकायचे, काठी सगळ्यात शेवटी आत घालून उंच करायची, मग कोपऱ्याच्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. आधी काठी उभी करायला गेलं की फसतं.

पहिली रात्र पालशेतला ओळखीच्यांच्या वाडीत, मऊ माती, खुंट्या अंगठ्याने गेल्या, काही सांगण्यासारखं नाही, छान झोपलो. दुसरी हेदवीला, बामणघळ बघून परत आलो तोवर अंधार झालेला, लॉजमधे राहिलो, बहीण जिंकली. तिसरी तवसाळच्या अलीकडे सुरूच्या बनात. इथे मजा झाली. जमीन वरून सुरूच्या काड्यांची गादी आणि खाली भुसभुशीत वाळू. कोपऱ्यांना सोडणं पुरली, ती हलली नाहीत, काका तुमचे पाय कुठे आहेत? पण मधली काठी! रात्री अकराच्या सुमारास छप्पर खाली खाली यायला लागलं, मला वाटलं दोरी सैल झाली, दोनदा उठून ताणली, तरी खालीच. मग लक्षात आलं की दोऱ्या ताणते तशी काठीच वाळूत रुतत चाललीय, सगळा भार तिच्या टोकावर. हे कुणीच सांगितलं नव्हतं हां!

बॅटरी घेऊन बाहेर गेले, लाल दिव्यानेच, आणि दहा पावलांवर करवंटी सापडली, कोकणात अजून काय सापडणार. उताणी करून वाळूत घट्ट बसवली, काठी उलटी केली, मूठ खाली करवंटीत, टोक वर शेंड्याच्या कडीत. सकाळपर्यंत बोटभर पण हलली नाही. पहाटे मतलई आली ती दारातून आत, कापड आतून ओलं होतं ते सात वाजेपर्यंत निम्मं वाळलं. जाळीवर बाहेरून एक पाल आणि बरेचसे किडे बसलेले, सगळे बाहेर. बारीक वाळू मात्र जाळीतून येतेच, कानात आहे अजून.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतला, चेन दात घासायच्या ब्रशने साफ केली, दोन दिवस सावलीत वाळवून मगच घडी घातली. टाका_दोरा ताई, शिवणी मीच भरल्या होत्या, पाऊस काही आला नाही त्यामुळे माझं काम कसं झालंय ते जूनमधे कळेल, खळ्यात लावून बघणार आहे.

देवगडी_आंबो
करवंटी! ह्या माका सुचूक व्हया होता. शाबास गो बाये.

वजनकाटा
झकास वृत्तांत. करवंटी परत आणलीत की तिथेच सोडलीत? वजन किती भरलं?

सुरंगी
आणली ना. ७४ ग्रॅम.

वजनकाटा
कड घासली तर ६० पर्यंत येईल.